आठ मेणबत्त्या

शाळेच्या वाचनालयात दोन टेबलं जोडून
मी यंत्र मांडते.
पुठ्ठ्याच्या नळ्या, नाकाचे चिमटे,
आणि पडद्यावर एक केक.
त्यावर आठ मेणबत्त्या, कायम पेटलेल्या.
केक कुणाचा, हे मुलं विचारत नाहीत.

खिडकी बंद आहे. तरी खिडकीखालून
आबांकाय रस्ता आत येतो,
आधी हॉर्न, मग वास,
मग टेबलावर बोट फिरवलं की काळी रेघ.
लिमाचं आभाळ जुलैत
गाढवाच्या पोटासारखं असतं, म्हणतात इथले लोक,
पाऊसही नाही, ऊनही नाही,
नुसतं अंगावर येऊन उभं.

"छाती भरून घे. आणि आता फुंक,
संपेपर्यंत फुंक,
संपलं वाटलं तरी फुंक."
दिवसातून साठ वेळा मी हेच म्हणते.

एल्मर गाल फुगवून फसवू पाहतो.
टेकडीवरच्या वस्तीतला फ्रेडी
सात विझवतो आणि आठवीकडे रागाने बघतो.
जुळ्या बहिणी एकमेकींच्या पाठीवर थाप मारतात,
जणू घशात घास अडकलाय.

मग यामिलेत चोकेवांका. तिसरी ब.
वेणीला लाल लोकर, स्वेटरच्या बाहीला सुकलेला शेंबूड.
चिमटा लावल्यावर हसते.
फुंकते.
एक. दोन.
तिसरी आडवी होते, निळी होते,
विझते.
उरलेल्या पाच तशाच.
"दम घे," मी म्हणते.
ती बाकाची कड धरून दम घेते,
तो तिला लवकर सापडत नाही,
खिशातलं नाणं चाचपावं तसा शोधते.

"पुन्हा करू?"
पुन्हा तीन.
"बाई, तुम्ही फुंका."
नियमात बसत नाही. नवी नळी लावून फुंकते.
पाच.
ती टाळ्या वाजवते. माझ्या कानात
समुद्रासारखं काहीतरी वाजत राहतं.
तक्त्यात मी तिच्या नावापुढे आकडा लिहिते,
दशांश चिन्हासकट.
माझा कुठेच लिहीत नाही.

संध्याकाळी थांब्यावर तिची आई
एमोलिएन्ते विकते,
जवस, सातू, लिंबू, कढत, जरा बुळबुळीत.
गाडीच्या दोन चाकांमध्ये खोकं उलटं घालून
यामिलेत गृहपाठ करते.
बसायची तिची उंची आणि
बसच्या नळकांड्याची उंची
कुणीतरी माप घेऊन जुळवल्यासारखी.

"किती विझवल्या?" आई विचारते.
मुलीने आधीच सांगितलेलं असणार.
"तीन."
ती पळी ढवळत राहते.
"ऑगस्टात नऊची होईल. तीनच लावीन मग.
हरायला नको वाढदिवसाला."
मी म्हणते, जागा बदलता येईल का, निदान कोपऱ्यापलीकडे?
"कोपऱ्यापलीकडे बस थांबत नाही."
हे ती रागाने म्हणत नाही.
पेला पुढे करते. पैसे घेत नाही.

मग ती येते. हिरवी कोंबी, एक दिवा फुटलेला,
दारात लोंबकळणारा पोरगा ओरडतोय,
सुबे, सुबे, चढा, जागा आहे!
गिअर पडतो, मागून काळा ढग फुटतो,
आणि त्या बाईचे दोन्ही हात
तिने न सांगता हलतात,
एक पेल्यांवर झाकण टाकतो,
दुसरा खाली जाऊन मुलीच्या नाकातोंडावर बसतो.
वहीवरची पेन्सिल थांबत नाही.
कितीतरी वर्षांची सवय असावी,
मुलगी हाताखालूनच बेरीज पुरी करते.

मी पेला रिकामा करते.
तळाशी जवसाचं एक बी चिकटलेलं.
पोरगा माझ्याकडे बघून हात करतो,
चला बाई, चला.
घर दीड तास लांब आहे.
ती बस माझीच आहे.